कसबा बावडा: विद्यार्थी आणि व्यसनमुक्तीची सव्वाशे वर्षे

कसबा बावडा हे कोल्हापूरच्या उत्तरेला पंचगंगेच्या काठावरचे जुने गाव. घाटमाथ्यावरचे गगनबावडा वेगळे. हे शहराला लागून असलेले आणि आता महापालिकेच्या हद्दीत आलेले बावडा. नदीवरचा राजाराम बंधारा, भोवतीची उसाची शिवारे, छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आणि लक्ष्मी-विलास राजवाडा ही गावाची जुनी ओळख. याच राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव जन्मले आणि १८८४ मध्ये दत्तक जाऊन ते शाहू छत्रपती झाले. गेल्या चाळीस वर्षांत बावड्याला आणखी एक ओळख मिळाली. येथे १९८४ मध्ये डॉ. डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून बाहेरगावचे विद्यार्थी शिकण्यासाठी बावड्यात मुक्काम करू लागले.

शाहू महाराजांची जयंती महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ मध्ये ठराव करून अमली पदार्थविरोधी दिनासाठी निवडलेली तारीखही २६ जूनच. राज्यात व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडे असल्याने एकाच दिवशी कोल्हापुरात सकाळी महाराजांना अभिवादन होते आणि महाविद्यालयांत व्यसनविरोधी शपथही घेतली जाते. तारखा जुळल्या हा योगायोग आहे; दोन विषयांतला संबंध मात्र खरा आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वसतिगृहांबरोबर मोठ्या प्रमाणावर पुढे आला. व्यसनात अडकलेल्या विद्यार्थ्याचे समुपदेशन हा त्याच प्रश्नाचा आजचा भाग आहे. सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे दिली गेली. आधी शपथ आणि पहारा, मग कायद्याची बंदी आणि शेवटी संवाद. नवे उत्तर आले म्हणून जुने गेले नाही. आजच्या महाविद्यालयात तिन्ही शेजारी शेजारी नांदतात.

शब्द आणि जुने उपाय

'व्यसन' या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ संकट किंवा आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या 'व्यसनां'बद्दल आहे, त्यात दुष्काळ आणि रोगराईही येते. मनुस्मृतीत राजाची व्यसने कामातून आणि क्रोधातून जन्मलेली म्हणून मोजली आहेत. जैन परंपरेतल्या सप्तव्यसनांत जुगार आणि मद्यपान येते. कोल्हापूर परिसरात जैन समाज मोठा असल्याने ही यादी इथल्या घरांत परिचयाची आहे. धर्मग्रंथांच्या या परंपरेत व्यसन हा चारित्र्याचा दोष मानला गेला आणि म्हणून त्यावरचा उपाय संयम हाच ठरला.

बोलीतले शब्द आणखी काही सांगतात. 'अमली' हा शब्द 'अंमल' म्हणजे सत्ता यावरून आला. पदार्थाचा अंमल चढतो, म्हणजे माणसावर त्याची हुकमत चालते. कोल्हापुरी बोलण्यात 'नाद' हा शब्द कुस्तीला, बैलगाडीच्या शर्यतीला आणि दारूलाही सारखाच लागतो. ओढ चांगल्या गोष्टीचीही असते आणि घातक गोष्टीचीही, हे त्या एका शब्दात आलेले आहे. 'दारुडा', 'बेवडा' आणि पुढे 'गर्दुल्ला' हे शब्द मात्र माणसाला त्याच्या सवयीतच बंद करून टाकतात. असे नाव एकदा चिकटले की मदत मागायला तोंड उघडत नाही.

गावात उपाय होता तो वारकऱ्यांच्या माळेचा. 'माळ घातली' याचा अर्थ दारू आणि मांसाहार सोडला, असा सरळ घेतला जातो. गाडगे महाराजांनी कीर्तनातून आणि तुकडोजी महाराजांनी भजनातून दारूविरुद्ध बोलून या परंपरेला सार्वजनिक मोहिमेचे रूप दिले. माळेची ताकद अशी की ती गळ्यात दिसते आणि घर, भावकी, दिंडी सगळे तिची आठवण ठेवतात. तिची मर्यादाही तिथेच आहे. शपथ मोडली तर लाज दुप्पट होते आणि माणूस लपून पिऊ लागतो.

कोल्हापूरचा दुसरा उपाय तालीम. शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती बहरली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमींना प्रतिष्ठा आली. पहाटेची जोर-बैठकांची मेहनत, दुधाचा आणि बदामाच्या थंडाईचा खुराक, लंगोटाचा नेम आणि वस्तादाची नजर यांत तरुणाचा दिवस बांधलेला असे. व्यसन करणाऱ्याचा दम आखाड्यात लगेच उघडा पडतो, त्यामुळे वेगळ्या उपदेशाची गरज पडत नसे. वस्ताद हा शिक्षक, पालक आणि पंच अशा तिन्ही भूमिका करी. आजच्या समुपदेशन शास्त्रात तरुणाच्या व्यसनापासून रक्षणासाठी जे घटक मोजले जातात, त्यांतले नियमित दिनक्रम, विश्वासाचा वडीलधारा आणि आपलेपणाचा गट हे तीन तालमीत आपोआप मिळत होते.

वसतिगृहे

कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० मध्ये सुरू झाले, पण खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी, पुढच्या काही वर्षांत मुस्लिम आणि लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले तोपर्यंत वीसच्या आसपास वसतिगृहे उभी राहिली होती. 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' हे कोल्हापूरचे बिरुद त्या काळचे.

या बोर्डिंगांचा उद्देश शिक्षण हा होता. व्यसनमुक्ती हा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. तरी त्यांच्या रचनेतच एक संरक्षण होते. मुले थोडी, एकमेकांच्या ओळखीची, बऱ्याचदा एकाच भागातली. अधीक्षकाला प्रत्येकाचे गाव आणि घर माहीत. मुलगा आपल्या समाजाच्या पैशावर शिकत असल्याने त्याच्या वागण्याचा हिशेब संपूर्ण समाज ठेवी. उणीव हीच होती की हा पहारा फक्त बाहेरून होता. मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची रीत किंवा तसे प्रशिक्षण कोणाजवळ नव्हते. चुकलेल्या मुलासाठी ताकीद आणि त्यानंतर घरचा रस्ता, एवढ्या दोनच पायऱ्या होत्या. ही पद्धत पुढे बहुतेक महाविद्यालयीन वसतिगृहांनी उचलली आणि अजूनही ती पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

दारूबंदीचा काळ

सरकारच्या दारू धोरणाला मराठी मुलखात विरोध लवकर सुरू झाला. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि दारूचा व्यवहार सरकारी उत्पन्नाचे साधन झाला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. दारूमुळे शहराच्या आरोग्याची आणि नीतीची हानी होते, हा त्यांचा मुद्दा होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधन झाले आणि त्यात तरुण स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. पुढे महात्मा गांधींच्या कार्यक्रमात दारूबंदी आली आणि गुत्त्यासमोर उभा राहणारा विद्यार्थी हे स्वातंत्र्य चळवळीतले ओळखीचे दृश्य बनले.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. संस्थानी कोल्हापूर अशा रीतीने मुंबई राज्यात येताच बंदीखाली आले. पण पश्चिमेला सह्याद्री उतरला की १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा गोवा होता आणि तिथे दारू खुली आणि स्वस्त. आंबोली, फोंडा या घाटवाटांनी ती वर येई. गोवा भारतात आल्यावरही करांतला फरक राहिला आणि गोवा बनावटीच्या दारूविरुद्धची कारवाई हे कोल्हापूरच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे आजवरचे नेहमीचे काम आहे. गावोगाव हातभट्टी होतीच. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून बंदी सैल करण्यात आली, परवान्याची पद्धत आली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची अधिकृत दुकाने निघाली.

बंदीच्या काळाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. पहिली म्हणजे व्यसनाला गुन्हा मानण्याची सवय. दुसरी म्हणजे कायद्याची एक चौकट, जी विद्यार्थ्याला अजून लागू आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आजही परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. त्यामुळे पदवीच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी कायद्याने कडक मद्य पिण्यास अपात्र ठरतो. नियमाचा हेतू संरक्षणाचाच आहे. पण पिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या घोटापासून लपावे लागते, आणि लपलेला विद्यार्थी समुपदेशकापर्यंत उशिरा पोचतो. २००८ मध्ये शासनाने महिला मतदारांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद लागू केली. 'बाटली आडवी' करण्याच्या या मोहिमेने बंदीला लोकांच्या इच्छेचे बळ दिले. तिच्यामागे घराघरांतल्या बायकांचा अनुभव होता आणि तोच तिचा आधार ठरला.

महाविद्यालयांचे बावडा

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९६९ मध्ये देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली; पुढे ती महाविद्यालया-महाविद्यालयांत पोचली आणि खेड्यातल्या श्रमसंस्कार शिबिरांतून व्यसनविरोधी पथनाट्ये व प्रभातफेऱ्या होऊ लागल्या. १९७६ मध्ये कोल्हापुरात छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च, म्हणजे 'सायबर', ही संस्था निघाली. तिथल्या समाजकार्य शिक्षणातून प्रशिक्षित समाजकार्यकर्ते जिल्ह्याला मिळू लागले. समुपदेशनाला लागणारे मनुष्यबळ घडवण्याचा तो पाया होता.

खरा बदल झाला १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली आणि वर्षभरात बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. या महाविद्यालयांचा विद्यार्थी बोर्डिंगमधल्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळा होता. तो दूरच्या जिल्ह्यातून, कधी परराज्यातून येई. त्याच्या हाती घरून येणारे पैसे असत आणि डोक्यावर मोठ्या फीचा व अपेक्षांचा भार असे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास तीन-चार जण मिळून भाड्याची खोली घेत आणि खाणावळीत जेवत. खोलीचा मालक भाडे घेई. अधीक्षकासारखी नजर ठेवणे त्याचे काम नव्हते. गावातल्या तालमीशीही या मुलांचा संबंध नसे. पूर्वी घर आणि महाविद्यालय यांच्यामध्ये बोर्डिंग, समाज, वस्ताद अशी माणसे होती. आता ती जागा मोकळी पडली आणि समुपदेशनाची गरज नेमकी तिथे उभी राहिली.

गर्द आणि मुक्तांगण

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' या नावाने हलक्या प्रतीचे हेरॉईन पसरले आणि लवकरच पुण्यात पोचले. दारूच्या व्यसनाला वर्षे लागतात. गर्द काही आठवड्यांत माणसाला ताब्यात घेई आणि तिच्या जाळ्यात सुशिक्षित घरांतली कॉलेजची मुले सापडली. पुडी न मिळाल्यास होणाऱ्या अंगदुखी, उलट्या आणि तडफड यांना व्यसनी मुले 'टर्की' म्हणत. संसदेने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्याच सुमारास केंद्र सरकारने व्यसनमुक्तीसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आणली.

डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये वावरून 'गर्द' ही लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली ती मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसन हा आजार आहे, आजारी माणसाचा अपमान करायचा नाही आणि बरा झालेला माणूसच नव्याचा उत्तम सोबती होतो, ही मुक्तांगणची सूत्रे होती. तिथे गटचर्चा, कला, श्रमदान यांबरोबर पत्नींसाठी 'सहचरी' गटही चालला, कारण घर बदलल्याशिवाय माणूस टिकत नाही असा अनुभव होता.

मुक्तांगणच्या आधी काही धागे तयार होते आणि नंतरही नवे जोडले गेले. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९५७ मध्ये मुंबईत आली होती. १९८० मध्ये चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मृत्यूनंतर व्यसनमुक्ती रुग्णालय सुरू केले, तर १९८१ मध्ये मुंबईत फादर जोसेफ परेरा यांनी 'कृपा' संस्था स्थापन केली. कोल्हापूरच्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 'परिवर्तन' या संस्थेमार्फत व्यसनमुक्तीचे काम उभारले. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्याची संस्था निघाली आणि मनाच्या प्रश्नांवर मराठीत मोकळेपणाने बोलण्याची सवय वाढली. या सगळ्यांनी मराठी भाषेला नवे शब्द दिले. 'गर्दुल्ला'च्या जागी 'रुग्णमित्र' आला, 'समुपदेशन' हा शब्द पुस्तकातून बोलण्यात उतरला. विद्यार्थ्याला 'तू वाईट आहेस' असे सांगण्याऐवजी 'तुला काय होते आहे' असे विचारण्याची वाट इथून मोकळी झाली.

समुपदेशनाची पद्धत

याच वर्षांत व्यसनाकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी जगभर बदलत होती. १९८३ मध्ये प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या मांडल्या. माणूस आधी प्रश्न नाकारतो, मग दोलायमान होतो, मग तयारी करतो, कृती करतो आणि शेवटी बदल टिकवतो. त्याच वर्षी विल्यम मिलर यांनी प्रेरक संवादाची पद्धत मांडली. समुपदेशक वाद घालत नाही. सोडण्याची कारणे विद्यार्थ्याच्या तोंडून येतील असे प्रश्न तो विचारतो. १९८५ मध्ये ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी घसरण रोखण्याच्या उपायांवर ग्रंथ लिहिला. घसरण हा पराभव मानू नये, ती कोणत्या प्रसंगात झाली ते शोधावे, असे त्यांनी दाखवले. माळ तुटल्यावर तोंड लपवणाऱ्या माणसाला जुन्या पद्धतीत जे मिळत नव्हते, ते इथे मिळाले. ते म्हणजे परत येण्याचा मार्ग.

मार्लाट यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने खास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दोन भेटींची एक पद्धत विकसित केली आणि १९९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पहिल्या भेटीत विद्यार्थ्याच्या पिण्याची सविस्तर नोंद होते, दुसऱ्या भेटीत ती नोंद त्याच्यासमोर शांतपणे ठेवली जाते. इतर सगळे आपल्याएवढेच पितात, हा विद्यार्थ्यांचा समज बहुधा चुकीचा असतो. खरे प्रमाण कळले की बरेच जण स्वतःहून हात आवरतात.

व्यसन किती पुढे गेले आहे हे ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. बावड्यातल्या माणसाला तिचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी घरात शिरण्याची वाट कोणी पाहत नाही. चाचणीतही चाळीसपैकी ८ गुणांपासून इशारा सुरू होतो, १६ पासून हानी गृहीत धरली जाते आणि २० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास अवलंबित्वाची शक्यता धरून तज्ज्ञाकडे पाठवले जाते. महाविद्यालयातल्या समुपदेशनाचे मुख्य काम इशारा आणि धोका या दोन पातळ्यांमधल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यापुढची पातळी वैद्यकीय उपचारांची. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी लागते.

असे काम पदव्या घेतलेले तज्ज्ञच करू शकतात, असे नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या चाचणीत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा समावेश होता. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सामान्य माणसांनी जास्तीत जास्त चार बैठकांत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या मुलखात मिळालेला हा पुरावा कोल्हापूरच्या प्राध्यापकांना, वसतिगृह अधीक्षकांना आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना थेट उपयोगाचा आहे.

पदार्थ बदलत गेले

विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला पदार्थ बहुधा तंबाखू असतो. निपाणी आणि जयसिंगपूर या तंबाखूच्या पट्ट्याजवळ असलेल्या कोल्हापुरात तळहातावर चुना मळणे आणि दातांना मिश्री लावणे घरातच दिसते, त्यामुळे ते व्यसन वाटत नाही. नव्वदच्या दशकात गुटख्याच्या पुड्यांनी आणि टपरीवरच्या माव्याने शाळकरी मुलांपर्यंत मजल मारली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकण्यास बंदी घातली आणि २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. पुडी तरीही मिळते, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकापाशी दिसते.

दारू आणि गांजा यांच्या जोडीला गेल्या दशकात मेफेड्रोन आले. विद्यार्थी त्याला 'एमडी' म्हणतात. २०१५ मध्ये ते अमली पदार्थ कायद्याच्या यादीत समाविष्ट झाले. २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी त्याचे उत्पादन उघडकीस आणले आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा माग सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत गेला. महानगरांतला मानला जाणारा पदार्थ या भागातच तयार होत होता. याहून मनाला लागणारी गोष्ट व्यायामशाळांतली आहे. रक्तदाब वाढवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन पश्चिम महाराष्ट्रात काही तरुण दम वाढवण्यासाठी टोचून घेऊ लागले. ज्या मेहनतीने एकेकाळी कोल्हापूरच्या पोरांना व्यसनापासून दूर ठेवले, तिच्याच नावाने हे नवे व्यसन शिरले. वस्तादाची नजर होती तिथे आरसा आणि मोबाइल आला, हे त्याचे एक कारण.

केंद्र सरकारच्या वतीने एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. विद्यार्थ्याच्या बाबतीत ही दरी अधिक रुंद होते, कारण त्याला घरच्यांपासून, महाविद्यालयापासून आणि पोलिसांपासून असे तिन्हीकडून लपावे लागते.

कायदा आणि समुपदेशन कक्ष

महाविद्यालयात समुपदेशक असावा ही अपेक्षा प्रथम रॅगिंगच्या निमित्ताने नियमात उतरली. २००७ च्या राघवन समितीने रॅगिंग आणि मद्यपान यांचा संबंध दाखवला होता. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी सत्राच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक समुपदेशकांची मदत घेण्यास संस्थांना सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आणि उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला. २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान आले, २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा सुरू झाली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी वेगळी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असा निर्देश दिला.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना ठाऊक असायलाच हवे असे एक कलम १९८५ च्या कायद्यात आहे. कलम ६४-अ नुसार, अमली पदार्थाचे सेवन किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. म्हणजे कायद्यानेही उपचाराकडे येणाऱ्याला दार ठेवले आहे.

बावड्यासारख्या ठिकाणी या कामाची साधने जवळ आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाला मानसोपचार विभाग असावा लागतो आणि शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय व त्याच्याशी जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थी सोपवण्याची मार्गदर्शक-शिक्षक योजना आता सर्वत्र रूढ आहे. त्या शिक्षकाला सुरुवातीच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. सकाळच्या तासांना सततची गैरहजेरी, उसने पैसे, बदललेली संगत, झोपेचे उलटे चक्र, एकाएकी घसरलेले गुण. त्याने चौकशी करावी, निदान करू नये आणि विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे न्यावे.

कक्षाची रचना काही साध्या गोष्टींवर टिकते. कक्ष प्राचार्यांच्या दालनाशेजारी असू नये. समुपदेशकाकडे शिस्तभंगाचे अधिकार असू नयेत, कारण शिक्षा करू शकणाऱ्यापुढे कोणी मन उघडत नाही. जीवाला धोका असेल तेव्हाच गोपनीयता मोडली जाईल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. पालकांना विद्यार्थ्याच्या संमतीने बोलवावे आणि त्यांना रागावण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी तयार करावे. खोलीतल्या मित्रांना सोबत घ्यावे, कारण बोर्डिंग आणि तालीम यांची जागा आता त्यांच्याकडे आहे. पहारा आणि बंदी यांचेही काम आहे. टपरी हटवणे, पुरवठा रोखणे हे पोलिस आणि महापालिका यांनी करावेच. समुपदेशकाने मात्र त्या कामाचा खबऱ्या होऊ नये.

शेवटचा टप्पा पदवीनंतरचा. चार-पाच वर्षांनी विद्यार्थी बावडा सोडतो तेव्हा महाविद्यालयाची नोंद बंद होते, पण व्यसनमुक्तीचे पहिले वर्ष कदाचित तेव्हाच चालू असते. अशा विद्यार्थ्याला त्याच्या गावाजवळचे केंद्र, तिथल्या स्वमदत गटाच्या सभेचा वार आणि एका माणसाचे नाव हाती देऊन निरोप देणे, हा समुपदेशनाचाच भाग आहे. १९०१ मध्ये बोर्डिंगचा अधीक्षक मुलाला घरच्या माणसांच्या स्वाधीन करी. तेच काम आता संमतीने, कागदावर आणि आपुलकीने करायचे आहे.